झाकण उघडायचं नाही

खापरीच्या पुढं काटा चढू लागला.
आधी अर्ध्यावर, मग अर्ध्याच्या वर,
मग लाल रेघेला नाक लावून उभाच राहिला.
मे महिना. दुपारचे पावणेदोन.
बाजूच्या सीटवर कुमुदताई, माझी नणंद,
मांडीवर रजिस्ट्रीच्या कागदांची पिशवी.
दोन वर्षं आम्ही जे बोललो ते वकिलाच्या तोंडून.
आज बुटीबोरीला सही होती
आणि चालू गाडी घरात एकच होती, माझी.

सोनकुसरे मिस्त्रीला फोन लावला.
त्याचे वडील गोळीबार चौकात माग चालवायचे;
हाही इंजिन तसंच ऐकतो,
मान तिरकी करून, तुटलेला धागा शोधत.
म्हणाला, "एसी बंद करा मॅडम. हीटर लावा."
"काय?"
"हीटर. फुल. त्याची गरमी थोडी तुम्ही घ्या जी,
एकट्यानं होऊन नाही राहिलं त्याच्यानं."

मी हीटर लावला.
नागपुरात. सेहेचाळीस अंशांत.
ज्या बाजूला ते बटण मी कधी फिरवलंच नव्हतं
तिकडं फिरताना ते कर्रकन वाजलं
आणि जाळीतून आली जुनी धूळ, एक वाळकं पान,
मागोमाग भट्टीचं दार उघडावं तशी झळ.
कुमुदताईंनी माझ्याकडं पाहिलं.
त्या नजरेत प्लॉट नव्हता, वकील नव्हता,
नुसतं, "डोकं फिरलं का तुझं?"

काटा केसभर उतरला.

जामठ्याच्या अलीकडं, बंद रसवंतीपाशी, कडुनिंबाखाली
गाडी लावली. बॉनेट उघडलं. आत फुसफुस.
मी फडकं घेऊन हात घातला
तर मनगट धरलं त्यांनी.
"झाकण उघडायचं नाही.
काटोल रोडला बाबांचा हात असाच भाजला होता."
तो डाग मी वीस वर्षं पाहत होते,
ताट वाढताना, औषध देताना.
कधी विचारलं नव्हतं.

"किती वेळ थांबायचं?"
"हात ठेवता येईल तोवर."

मग डिक्कीतला लाल त्रिकोण काढला,
अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होता.
ट्रक गेला की आडवा व्हायचा.
तिसऱ्यांदा त्यांनी त्याच्या पायावर दगड ठेवला,
दुपट्टा डोक्याला घट्ट बांधला
आणि पर्समधला कांदा माझ्या हातात दिला.
"ठेव. मला सवय आहे उन्हाची."

एक टेम्पोवाला थांबला. "का झालं जी?"
कॅन उतरवून दिली, पैसे घेतले नाहीत, नाव सांगितलं नाही.
अडीचला फुसफुस थांबली.
ताईंनी फडक्याच्या चार घड्या केल्या,
झाकण पाव फिरवलं, थांबल्या.
अजून पाव.
कॅन संपली तरी रेडिएटर पीतच होता.

सोनकुसरे स्कूटरवरून आला, खांद्यावर नवा पाइप.
जुना काढून दाखवला: फुगलेला,
क्लिपपाशी चिरलेला, बोटानं दाबला तर कुरकुरला.
"हे एका दिवसाचं नाही मॅडम.
उघडून पाहत नव्हत्या का कधी?"
मी गप्प.
गाडी मी रोज पुसायची. वरून.

खिडकी बंद झाली होती तिथली.
सही पुढच्या मंगळवारी झाली, अर्धा-अर्धा,
ठरलं होतं तसंच.

आता रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना,
कूलंट दोन रेघांच्या मध्ये आहे का पाहते,
ऑइलची काडी पुसून पुन्हा बुडवते,
पाइप दाबते, स्टेपनीत हवा भरून आणते.
कधी कधी नऊच्या सुमारास फोन वाजतो.
"पाहिलं?"
"पाहिलं."
ठेवतात.

कांदा अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे.
कोंब आलाय त्याला. परत करायचा राहिला.